सिंहगड सांगू नका, सिंहगडाची वेळ सांगा

पत्र : मी मूळचा लातूरचा. हॉटेल मॅनेजमेंट करून कल्याणीनगरच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागलो आणि आता कॉन्सिअर्ज डेस्क माझ्याकडे आला आहे. ‘मोकळ्या हवेत कुठे जाता येईल?’ आणि ‘इथलं अस्सल जेवण कुठे मिळेल?’ हे दोन प्रश्न पाहुणे रोज विचारतात. डेस्कवर दहा-बारा ठिकाणांचा छापील कागद आहे, तो मी देतो. मागच्या रविवारी एका जोडप्याला सिंहगड सुचवला. ते दहा वाजता निघाले, घाटाच्या तोंडाशी अडकले आणि गड न बघताच परत आले. दुसऱ्या एका पाहुण्याला मिसळ इतकी तिखट लागली की त्याने दिवसभर काही खाल्लं नाही. मॅनेजर म्हणतात, अभ्यास वाढव. म्हणजे नक्की काय करू? डिसेंबरातल्या एका रविवारी चेन्नईचं कुटुंब येतंय : सत्तरीचे आजी-आजोबा, त्यांचे गुडघे दुखतात, मुलगा-सून आणि नऊ वर्षांची नात. नातीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. हातात एकच दिवस आहे. त्यांना काय सांगू?
— डेस्कवरचा नवा, कल्याणीनगर

उत्तर : तुमच्या कागदावरची ठिकाणं चुकीची नसणार. पण त्यावर वेळ लिहिलेली नाही, आणि पुण्यात वेळेशिवाय ठिकाण सांगण्यात अर्थ नाही. तोच सिंहगड मंगळवारी सकाळी साडेसातला पाहिलेला माणूस पुन्हा यायचं ठरवतो आणि रविवारी अकराला गेलेला माणूस पुण्याला नावं ठेवतो. खाण्याचंही तसंच. खाणावळ, मिसळ, बेकरी, प्रत्येकाची आपली वेळ आहे आणि ती गावाने पाळलेली आहे. म्हणून अभ्यास करायचाच असेल तर वेळांचा करा. नावं त्यांच्या मागून येतील.

पाहुणा समोर आला की कागद पुढे सरकवू नका. आधी विचारा : परत कधीपर्यंत यायचं आहे? कोणाकोणाला नेणार? खाण्यात काय चालत नाही? चालण्याबद्दल विचारताना ‘ट्रेक जमेल का’ असं विचारू नका. त्याला सगळेच हो म्हणतात. ‘शंभर पायऱ्या चालतील का? उन्हात पाऊण तास चढ चालेल का?’ असं विचारा. आकडा ऐकला की माणूस खरं बोलतो. ही चौकशी दोन मिनिटांत होते. मग दहा ठिकाणं सांगायची गरज उरत नाही, एक सांगायचं आणि ते फसलं तर दुसरं.

सिंहगडापासूनच सुरुवात करू, कारण तो सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात जास्त फसतो. कल्याणीनगरहून गडाच्या वाहनतळापर्यंत जाऊन-येऊन ७५ ते ८० किलोमीटर धरा. स्थानिक गाडीचं पॅकेज बहुधा आठ तास-ऐंशी किलोमीटरचं असतं आणि मोजणी गाडीच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत होते. म्हणजे जादा किलोमीटरचे पैसे जवळजवळ नक्की लागणार. हे आधी सांगितलं तर कोणी कुरकुरत नाही, संध्याकाळी बिल हातात आल्यावर कळलं तर भांडण होतं. गडावर टॅक्सी सोडून देऊ नका. खाली यायला ॲपची गाडी मिळेलच असं नाही, मोबाइलची रेंजही सगळीकडे धड नसते. गाडी थांबवूनच ठेवायची.

आठवड्याच्या मधल्या दिवशी हॉटेलातून पावणेसहाला निघायचं. गोळेवाडीच्या नाक्यावर वन विभागाचं उपद्रव शुल्क भरावं लागतं, त्यासाठी सुटे पैसे जवळ असू द्यात. तिथून वर आठ-नऊ किलोमीटरचा अरुंद घाट आहे. वरचा वाहनतळ छोटा आहे, तो भरला की गाड्या नाक्यावरच रोखून धरतात, वरच्या खाली आल्याशिवाय खालच्या सोडत नाहीत. तुमचं जोडपं बहुधा इथेच अडकलं. शनिवार-रविवारी, त्यातही पहिल्या पावसानंतरच्या महिन्या-दीड महिन्यात, आठ वाजल्यानंतर निघणाऱ्याला गड सुचवूच नये.

वाहनतळावरून पुणे दरवाजाच्या पायऱ्या लागतात. वर टिळक बंगला, राजाराम महाराजांची समाधी, देवटाकं, तानाजी मालुसऱ्यांची समाधी आणि कल्याण दरवाजा असा फेरा दोन-अडीच तासांचा होतो. परप्रांतातल्या पाहुण्याला १६७० सालची लढाई दोन वाक्यांत सांगून ठेवा. नाहीतर त्याला फक्त दगड आणि टॉवर दिसतो. पिठलं-भाकरीच्या चुली नऊच्या सुमारास रंगात येतात, तेव्हा न्याहारी वरच करायची : भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा आणि मडक्यातलं दही. ठेचा ताटात वेगळा घ्यायला सांगा, पिठल्यात कालवायचा नाही. देवटाक्याच्या पाण्याचं कौतुक ऐकून कोणी ते प्यायला जाईल, त्याला थांबवा आणि हॉटेलातून बाटल्या द्या. साडेदहाला उतरायला लागलं की जेवणाला हॉटेलात.

चालत चढायचं असेल तर आतकरवाडीची वाट आहे. चढ साधारण सहाशे मीटरचा, सवयीच्या माणसाला सव्वा तास, नवख्याला दोन. वाटेत सावली फार नाही, म्हणून मार्च ते मे नऊच्या आत वर पोचायला हवं. पावसाळ्यात घाटात दरडी येतात आणि रस्ता बंद होतो, शिवाय वर ढग असला तर हातभर अंतरावरचंही दिसत नाही. ढगात चालायला आवडणारा माणूस खूश होतो, देखावा बघायला आलेला हिरमुसतो. पाहुणा यातला कोणता, ते विचारून घ्या. आणि गड खुला आहे ना, हे आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरकडून पक्कं करा.

येताना खडकवासल्याच्या चौपाटीवर थांबून कणीस खायचा मोह सगळ्यांनाच होतो. दुपारी चारच्या आत असेल तर जरूर. रविवारी संध्याकाळी तोच रस्ता तास-दीड तास खातो. पाण्यात मात्र कोणालाही उतरू देऊ नका. धरणाच्या काठाचा गाळ पाय धरतो, आणि उतार कुठे तुटतो ते वरून कळत नाही. धबधब्यांचंही तेच. पावसाळ्यात जिल्हाधिकारी लोणावळा, मुळशी, ताम्हिणी भागात मनाई आदेश काढतात. डेस्कवरच्या माणसाने ते रोज सकाळच्या पेपरात बघायलाच हवेत. आदेश असताना ‘जाऊन बघा, सोडतील’ असं पाहुण्याला कधीही म्हणू नका.

ज्यांच्याकडे दोनच तास आहेत त्यांच्यासाठी टेकड्या आहेत, आणि आमच्या मते पुण्याची खरी श्रीमंती तीच. वेताळ टेकडी शहरातली सगळ्यात उंच, समुद्रसपाटीपासून ८०० मीटर. चतुःशृंगी, लॉ कॉलेज रस्ता, पाषाण अशा अनेक बाजूंनी वर जाता येतं. नवख्याला एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने पाठवा, कारण बरीचशी चढण गाडीनेच संपते आणि पुढे पठारावर चालायचं राहतं. वर जुन्या खाणीत पाणी साठलेलं आहे, मोर दिसतात. मुरूम सुटा असल्याने गुळगुळीत तळव्याचे बूट उतरताना घसरतात. उजेड असेपर्यंत खाली यायचं, एकट्याने जायचं नाही, आणि फोन चार्ज केलेला हवा. सूर्य कधी उगवतो-मावळतो हेही सांगता आलं पाहिजे : जानेवारीच्या सुरुवातीला उजाडायला सात वाजून जातात, जूनमध्ये सहालाच उन्हं येतात. नोव्हेंबर-अखेरीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. ‘सकाळी सहाला टेकडीवर जा’ हे मेमध्ये चांगलं, जानेवारीत अंधारात पाठवणं.

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, रुंद आणि बेताच्या चढाच्या. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं मंदिर वर आहे आणि सगळं शहर पायाशी दिसतं. सकाळी सातला पोचलं तर थंडीत धुक्याची पट्टी शहरावर अजून असते. साडेनवानंतर दगड तापतो आणि अनवाणी देवळात फिरणाऱ्याचे पाय भाजतात.

तुमच्या बाजूची दोन ठिकाणं पुण्यातले लोकही विसरतात. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट आहे. मुळा-मुठेच्या बंधाऱ्यावर हिवाळ्यात चक्रवाक, शेकाटे, धोबी पक्षी उतरतात. नदी घाण आहे आणि वास येतो, हे लपवू नका. पक्षी बघायची आवड असलेला माणूस तरीही आभार मानेल, नुसता फेरफटका मारणाऱ्याला मात्र पाठवू नका. सकाळी सातला तिथे, साडेनवाला परत. दुसरं आगाखान पॅलेस, तुमच्या हॉटेलपासून अगदी जवळ. १८९२ सालची इमारत, मोठी झाडं, हिरवळ. १९४२ ते १९४४ गांधीजी इथे नजरकैदेत होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा इथेच गेले, त्यांच्या समाध्या आवारात आहेत. पाहुण्याला ‘पॅलेस’ म्हणून पाठवलं तर तो आरसेमहाल शोधत बसतो. हे स्मारक आहे, शांतपणे तासभर बसायची जागा आहे, असं सांगून पाठवा.

शनिवारवाड्याचंही तसंच. पाया १० जानेवारी १७३० ला घातला गेला आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. आता दिल्ली दरवाजा, तट, चौथरे, कारंजी आणि बाग एवढं आहे. हे ऐकून गेलेला माणूस तटावर चढून मजेत फिरतो. न ऐकता गेलेला तिकिटाच्या खिडकीशी येऊन ‘महाल कुठे?’ विचारतो. पेठांत गाडी मात्र पाठवू नका, पार्किंगच्या शोधातच अर्धा तास जातो. तुमच्याकडे मेट्रो आहे. कल्याणीनगरला वनाजकडे जाणारी गाडी पकडायची, जिल्हा न्यायालयाला उतरून स्वारगेटची गाडी घ्यायची, पुढचंच स्टेशन कसबा पेठ. न्यायालयाचं खालचं स्थानक जमिनीखाली ३३ मीटरवर आहे, तिथे गाडी बदलायला पाच-सात मिनिटं धरा आणि वयस्करांना लिफ्टकडे जायला सांगा. कसबा पेठेतून शनिवारवाडा, लालमहाल, कसबा गणपती, तांबट आळी, मग दगडूशेठ, तुळशीबाग आणि मंडई. मंडईच्या स्टेशनावरून परतीची गाडी. तांबट आळीत पातेल्यांवर ठोके घालणारे कारागीर काम करत असतात. फोटोच्या आधी विचारावं, आणि जमलं तर एखादा तांब्या विकत घ्यावा. ही सगळी चाल अडीच तासांची. सकाळी आठला सुरू केली तर गर्दी आणि ऊन दोन्ही चुकतात, पण तुळशीबागेची दुकानं उघडायला दहा-साडेदहा होतात. खरेदी हवी असेल तर उशिरा निघावं लागेल, दोन्ही साधणार नाही. लक्ष्मी रस्त्यावरची पुष्कळ दुकानं सोमवारी बंद असतात, कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी. हे दोन वार डेस्कच्या काचेखाली मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

लांबच्या सहलींचं थोडक्यात सांगतो. लोहगडासाठी पुणे स्टेशनवरून लोणावळ्याची सकाळची लोकल आणि मळवलीला उतरायचं. वाटेत भाजे लेणी होतात. दुपारी लोकल फार विरळ असतात, म्हणून परतीची गाडी आधीच ठरवून निघा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे, त्यामुळे परदेशी पाहुणे आता नाव घेऊन विचारतील. भिगवणचे रोहित पक्षी जानेवारी ते मार्च बघावेत. पुण्यापासून शंभरेक किलोमीटर, पहाटे साडेचारला निघायचं, नावेतून बघायचं, चिलापीची थाळी जेवून परत. ही आउटस्टेशनची गाडी होते आणि दिवसाला किमान २५०-३०० किलोमीटर लावतात, ते आधी सांगा. कास पठार सप्टेंबरात, तेही ऑनलाइन बुकिंग झालं असेल तरच.

आता खाणं. मिसळीने तुमच्या पाहुण्याला पोळलं, त्यात मिसळीचा दोष नाही. तिला तिखटपणा येतो रश्श्यातून, त्यातही वर तरंगणाऱ्या तेलाच्या कटातून. नवख्याने सगळा रस्सा एकदम ओतून घेतला की संपलं. त्याला असं शिकवून पाठवा : रस्सा वेगळ्या वाटीत मागायचा, तळाची मोड आलेली उसळ, पोहे आणि शेव आधी कोरडी चाखायची, मग चमच्या-चमच्याने रस्सा घालायचा. पुण्यात सोबत बहुतेक ठिकाणी ब्रेडचे स्लाइस येतात. जास्तीच्या रश्श्याला इथे ‘सॅम्पल’ म्हणतात, तो शब्द कळला नाही तर वेटर पुन्हा ओतून जातो आणि पाहुणा बघत राहतो. जीभ भाजली तर पाणी उपयोगाचं नाही, कारण मिरचीचा जाळ तेलात विरघळतो, पाण्यात नाही. ताक किंवा दही मागवा. पहिल्यांदा खाणाऱ्याला फडके हौदाजवळच्या वैद्य उपाहारगृहात पाठवा, तिथला रस्सा हिरव्या मिरचीचा आणि सौम्य असतो. नारायण पेठेतली बेडेकरांची मिसळ गोडसर अंगाची आहे. कर्वे रस्त्यावरच्या ‘काटाकिर्र’ला ज्याला झेपेल त्यालाच धाडा. मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे. दुपारी दोनला गेलेल्याला उरलेली किंवा संपलेली मिळते.

न्याहारीसाठी फर्ग्युसन रस्त्यावरचं वैशाली सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारी नऊनंतर बाहेर नाव लिहून थांबावं लागतं, साडेसातला लगेच जागा मिळते. डेक्कनचं गुडलक १९३५ पासूनचं, तिथे बनमस्का, ऑम्लेट आणि चहा. कॅम्पातल्या कयानीची श्रूसबेरी बिस्किटं विमानात बसायच्या दिवशी घ्यायला पाठवू नका. बेकरी दुपारची सुट्टी पाळते, रविवारी बंद असते आणि माल संपतो. आदल्या दिवशी सकाळीच आणून ठेवायला सांगा.

‘अस्सल मराठी जेवण’ म्हणजे थाळी. टिळक रस्त्यावर दूर्वांकुर आणि बादशाही, सदाशिव पेठेत न्यू पूना बोर्डिंग हाउस, आपटे रस्त्यावर श्रेयस. साधं रोजचं जेवण हवं असेल तर बादशाही, पाहुणचाराची थाळी हवी असेल तर श्रेयस. दुपारी बाराला पोचलं की पोळ्या तव्यावरच्या मिळतात. दीड वाजता रांग असते आणि वाढप्यांची घाई. काही जुन्या खाणावळी रविवारी संध्याकाळी बंद राहतात, फोन केल्याशिवाय पाठवू नका. वाढपी न विचारता वाढतो. नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा, हे परदेशी पाहुण्याला दाखवून द्या. शेवटी भात राखून ठेवायला सांगा. पुऱ्यांवरच पोट भरलेला माणूस वरणभात-तुपाला मुकतो, आणि खरं जेवण तेच आहे.

मांसाहारासाठी लोक ‘पुण्याचा तांबडा-पांढरा’ विचारतात. तो कोल्हापूरचा, आणि इथे तो मिळतो, पण पुण्याचा म्हणून सांगू नका. पुण्याचंच हवं असेल तर कॅम्पातलं दोराबजी आहे, १८७८ पासूनचं पारशी जेवण. उन्हाळ्याच्या संध्याकाळी मस्तानीला पर्याय नाही. एप्रिल ते जून आंब्याची घ्यायची, इतर वेळी सीताफळ किंवा पिस्ता. दाट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा, चमच्याने खायची. जेवणानंतर लगेच दोघांत एकच पुरते.

यापुढचा भाग सगळ्यात काळजीचा. शेंगदाणा आपल्या स्वयंपाकात दिसतो त्यापेक्षा फार जास्त ठिकाणी असतो. साबुदाण्याची खिचडी आणि उपासाचे पदार्थ तर आहेतच, पण कोशिंबिरीत कूट असतो, भरल्या वांग्यात असतो, पालेभाजी त्यानेच दाट करतात. ठेच्यात असतो, वड्याच्या लसणाच्या चटणीत असतो, काही ठिकाणी पोह्यांत असतो, आणि तळणही शेंगतेलात असू शकतं. वेटरला ‘शेंगदाणा आहे का’ विचारलं तर तो दाणे दिसतात का ते आठवून ‘नाही’ म्हणतो. ‘कूट, शेंगतेल आणि चटणी, यांपैकी काय घातलंय ते आचाऱ्याला विचारून या’ असं म्हणायला हवं. हे वाक्य मराठीत टाइप करून पाहुण्याच्या हाती द्या. गव्हाचं वावडं असलेल्यांना ज्वारीची भाकरी सुचवताना सांगा की बहुतेक ठिकाणी तवा आणि परात पोळ्यांचीच असते, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, आणि बाजारातल्या बांधणीच्या हिंगातही गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. ज्यांना थोडंही चालत नाही त्यांना बाहेर न पाठवता तुमच्याच शेफकडे सोपवा. जैन पाहुण्याला मिसळ सांगू नका, कांदा-लसणाशिवाय ती होत नाही.

डेस्कवर एक वही ठेवा. कोणाला कुठे, किती वाजता पाठवलं आणि परत येऊन ते काय म्हणाले. रात्रीच्या शिफ्टला काम सोपवताना त्यातलं उद्याचं पान वाचून दाखवा : पहाटेचा वेक-अप कॉल, पॅक्ड ब्रेकफास्ट, ड्रायव्हरचा नंबर. पॅक्ड ब्रेकफास्टची ऑर्डर रात्री दहाच्या आत किचनला गेली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये मेयोनीजचं सँडविच डब्यात देऊ नका, पराठा, उकडलेलं अंडं, केळं द्या. पाहुण्याच्या हाती जी चिठ्ठी द्याल तिच्यावर जायचं ठिकाण मराठीत, निघायची वेळ, परतीची वेळ, आणि तुमच्या डेस्कचा नंबर एवढं हवंच. दुकानांकडून कमिशन घेऊ नका. ड्रायव्हर घेत असेल तर त्याला बदला. एकदा पाहुण्याला संशय आला की तुमची चांगली शिफारसही तो मानत नाही.

आणि वर्षाची डायरी. गणेशोत्सवात संध्याकाळी पेठांतले रस्ते बंद होतात, विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. त्या दिवशी ज्याचं विमान आहे त्याला पेठेत पाठवू नका. ज्याला मानाचे गणपती बघायचेत त्याला सकाळी सातला मेट्रोने धाडा. आषाढीच्या आधी दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी असतात आणि निघताना दिवे घाट वाहनांना बंद असतो, तेव्हा जेजुरीचा बेत टाळायचा.

आता तुमचं चेन्नईचं कुटुंब. रविवार असल्यामुळे सिंहगड नको, गुडघ्यांमुळे आजी-आजोबांना पर्वतीही नको. पण घराची फाटाफूट न करता तरुणांची चढण आणि आजी-आजोबांची विश्रांती, दोन्ही जमतं. सहा चाळीसला हॉटेलातून एकच मोठी गाडी, सहा माणसांची. आजी-आजोबांना सारसबागेत उतरवायचं. तळ्यातल्या गणपतीचा रस्ता सपाट आहे, बसायला बाकं आहेत, सकाळी गाणी म्हणणारे आणि चालणारे लोक असतात. गाडी तशीच पुढे पर्वतीच्या पायथ्याला, अंतर किलोमीटरभरही नाही. मुलगा-सून आणि नात १०३ पायऱ्या चढून साडेआठपर्यंत खाली. मग सगळ्यांनी गुडलक. चेन्नईच्या माणसांना इडली-डोशासाठी वैशालीत नेण्यात अर्थ नाही. नातीला बनमस्का आणि ऑम्लेट, तरीही लोणी-तेल कुठलं ते विचारून. साडेदहाला शनिवारवाडा बाहेरून-आतून तासभर, तटावर फक्त तरुण मंडळी. इथे ड्रायव्हरने फक्त उतरवून जायचं, पार्किंग शोधत बसायचं नाही. आजी-आजोबा बागेत बसतील.

जेवण हॉटेलात करा, बाहेर नको. शनिवारी दुपारीच शेफला लेखी द्या : वरण-भात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, काकडीची कोशिंबीर कुटाशिवाय, श्रीखंड, सगळं सूर्यफुलाच्या तेलात आणि वेगळ्या कढईत. मोठ्यांना पुण्याची थाळी खायची असेल तर त्यांच्यासाठी त्याच शेफला अळूची भाजी आणि मसालेभात वाढवायला सांगा. अळूत दाणे घालतात, म्हणून ती भाजी मुलीच्या टेबलापासून दूर, वेगळ्या पळीने. दुपारी झोप. चार वाजता आगाखान पॅलेस, दहा मिनिटांच्या अंतरावर. पॅलेस साडेपाचला बंद होतो, तेव्हा चारपेक्षा उशीर करू नका.

खोलीत चेक-इन होतानाच आईला विचारा की मुलीची ॲलर्जीची औषधं हातातल्या पिशवीत आहेत ना. सामानाच्या बॅगेत ठेवून लोक बाहेर पडतात. चिठ्ठीच्या मागे १०८ आणि ११२ हे नंबर लिहा, आणि रुबी हॉल व जहांगीर ही तुमच्या बाजूची दोन मोठी रुग्णालयं. शनिवारी संध्याकाळी गुडलकला फोन करून त्यांची रविवारची उघडण्याची वेळ पक्की करून घ्या, आणि ड्रायव्हरला सांगा की सारसबागेच्या दारात गाडी उभी करता येत नाही, आजी-आजोबांना उतरवून लगेच पुढे जायचं, घ्यायला येताना फोन करायचा.